नागपुरात दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना

आपल्याकडे माणूस दातांच्या डॉक्टरांकडे सहसा रात्रभर जागून, गाल हातात धरूनच पोहोचतो. अशा वेळी डॉक्टर काय विचारताहेत, आपण काय सांगतोय आणि कशाला हो म्हणतोय, यातलं काहीच धड कळत नाही. आमच्या घरात सगळ्यांच्या दातांची जबाबदारी माझ्याकडे आहे. सासऱ्यांची तपासणी, आईची कवळी, लेकीच्या दुधाच्या दाढा आणि माझं स्वतःचं रूट कॅनाल, हे सगळं मी जवळून पाहिलं. गल्लीतले दवाखाने पाहिले, मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) बाजूचं सरकारी दंत महाविद्यालयही पाहिलं. पहिल्यांदा जाणाऱ्याचा गोंधळ नेमका कुठे होतो ते आता ठाऊक झालंय, म्हणून क्रमाने लिहिते.

एक गोष्ट मनात पक्की करून जा. पहिली भेट ही तपासणीची भेट असते. त्या दिवशी तोंड नीट बघून झालं, लागला तर एक्स-रे निघाला आणि पुढे काय करायचं ते तुम्हाला समजलं, तर काम झालं. "आजच्या आज दाढ काढून मोकळं करा" असं ठरवून जाऊ नका. काढलेली दाढ परत येत नाही, आणि दुखण्याच्या भरात घेतलेला निर्णय पुढे वीस वर्षं चावताना आठवतो.

१. कधी जायचं

ठणका लागायची वाट बघू नका, हे खरं उत्तर. पण दुखणं सुरू झालंच असेल तर ते कसं आहे याकडे लक्ष द्या, कारण डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात. थंड पाणी झोंबतं आणि लगेच थांबतं, तर बहुतेक वेळा प्रकरण अजून वरवरचं असतं. थंड लागल्यावर कळ बराच वेळ राहते, गरम चहाही सोसत नाही, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो, अशी लक्षणं असतील तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचलेली असू शकते. मग आठवडाभर थांबू नका.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे आठ दिवस ठणकणारी दाढ एके दिवशी आपोआप शांत होणं. लोकांना वाटतं बरं झालं. खरं तर आतली नस मेलेली असते, म्हणून कळ जाणवत नाही. खाली मुळापाशी पू साचण्याचं काम चालूच राहतं आणि काही महिन्यांनी एकदम गाल सुजतो.

ब्रश करताना हिरडीतून रक्त येणं, दात हलणं, तोंडाला वास येणं, तोंडातला एखादा छाला दोन आठवडे होऊनही न भरणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असलं तर न दुखताही जा.

आणि हे मात्र त्याच रात्रीचं काम समजा: सूज डोळ्याखाली किंवा गळ्याकडे पसरतेय, ताप आहे, थुंकी गिळता येत नाही, श्वास घ्यायला त्रास होतोय. अशा वेळी सकाळी दवाखाना उघडेपर्यंत थांबू नका, सरळ मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात जा. दाताची सूज गळ्यात उतरली तर जिवावर बेतू शकते.

मूल पडलं आणि पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तरी तीच घाई करा. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासूनपुसून साफ करू नका. वाटीभर दुधात टाका आणि अर्ध्या तासात दातांच्या डॉक्टरांकडे पोहोचा. असा दात परत बसवता येतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

२. कुठे जायचं

नागपुरात तीन वाटा आहेत.

पहिली, जवळचा खासगी दवाखाना. वेळ सोयीची असते, गर्दी कमी असते आणि एकच डॉक्टर शेवटपर्यंत बघतात. बहुतेक ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी दवाखाना असतो, दुपारी बंद. पाटीवर बीडीएस (दातांच्या डॉक्टरांची पदवी) किंवा एमडीएस आहे का बघा आणि आत महाराष्ट्र राज्य दंत परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे का तेही बघा. कायद्यानुसार या नोंदणीशिवाय कुणालाही दातांचा उपचार करता येत नाही. एमडीएस म्हणजे एका विषयात पुढचं शिक्षण: कुणी रूट कॅनालचे, कुणी हिरड्यांचे, कुणी दात सरळ करायच्या तारांचे. पहिल्या तपासणीला बीडीएस डॉक्टर पुरेसे आहेत. रस्त्याच्या कडेला पेटी मांडून दात बसवून देणाऱ्यांकडे कृपा करून कुणाला नेऊ नका. ते शेजारच्या दातांना चिकटवून कायमचा दात बसवतात, त्याखाली अन्न सडतं, आणि एका दाताच्या जागी तीन जातात.

दुसरी वाट, शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय. हे १९६८ पासून आहे, मेडिकल चौकाजवळ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात. ऑटोवाल्याला "मेडिकल, डेंटल कॉलेज" म्हटलं की कळतं. खर्च खासगीच्या मानाने फार कमी येतो. तिथली पद्धत अशी: आधी खिडकीवर केसपेपर काढायचा, मग तपासणीच्या ओपीडीत जायचं. तिथे तोंड बघतात, एक्स-रे लिहून देतात आणि मग दुखणं ज्या विभागाचं असेल तिकडे पाठवतात. दात काढायचा विभाग वेगळा, हिरड्यांचा वेगळा, दात भरायचा आणि रूट कॅनालचा वेगळा, कवळीचा वेगळा, तारांचा वेगळा, लहान मुलांचा वेगळा. नवखा माणूस थेट दात काढायच्या विभागाच्या दारात रांगेत उभा राहतो आणि तासाभराने त्याला "आधी ओपीडीतून लिहून आणा" म्हणून परत पाठवतात. सकाळी लवकर पोहोचा आणि तो अर्धा दिवस दुसऱ्या कामाला ठेवू नका.

तिथे विद्यार्थी हात लावतात म्हणून पुष्कळ लोक बिचकतात. माझा अनुभव सांगते. शिकणारे डॉक्टर सावकाश काम करतात, पण टप्प्याटप्प्याला त्यांचे शिक्षक येऊन बघतात, आणि पुष्कळदा एकाच तोंडावर दोन-तीन जणांची नजर फिरते. वेळ जास्त लागतो, हे खरं. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि पैसा बेताचा आहे त्यांनी निःशंक जावं.

तिसरी वाट हिंगणा रोडवरची खासगी दंत महाविद्यालयं: दिगडोह हिल्सचं व्हीएसपीएम आणि वानाडोंगरीचं दादासाहेब काळमेघ स्मृती दंत महाविद्यालय. पद्धत बरीचशी सरकारीसारखीच. मेट्रोच्या अॅक्वा लाइनने लोकमान्य नगरला उतरून पुढे ऑटो करता येतो. सीताबर्डीला गाडी बदलायची असेल तर तेवढा वेळ धरा.

३. सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड आणि चालू मोबाइल क्रमांक. सरकारी ठिकाणी जात असाल तर रेशन कार्डही ठेवा, सवलतीची चौकशी करता येते.
- रोज घेता त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. नावं पाठ करत बसू नका, पट्ट्याच पिशवीत टाका.
- अलीकडचा साखरेचा रिपोर्ट, बीपीची नोंद, हृदयाचं काही झालं असेल तर त्याची फाइल.
- जुने दातांचे एक्स-रे किंवा चिठ्ठ्या. फिल्म नसेल तर मोबाइलमधला फोटोही चालतो.
- कवळी वापरत असाल तर ती, तुटलेली असली तरी. दाताचा तुकडा किंवा कॅप (दातावर बसवलेलं टोपण) निघाली असेल तर तीही डबीत घालून.
- रुमाल, पाण्याची बाटली, थोडे सुटे पैसे.
- जमल्यास एक माणूस. दात काढायची शक्यता असेल किंवा वय जास्त असेल तर नक्कीच.

४. फोन करून वेळ घेताना

चार गोष्टी विचारा: तपासणीची फी किती, एक्स-रे तिथेच निघतो का, साधारण किती वेळ लागेल, दवाखाना कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का. शेवटचा प्रश्न गुडघेदुखी असलेल्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे मध्ये बीपीच्या माणसाला दुपारी बाहेर काढू नका, सकाळची पहिली वेळ मागा.

५. निघण्याआधी

पोटभर खाऊन जा. रक्त काढायला उपाशी जातात तसं दातांसाठीही उपाशी जायचं, असा समज पुष्कळांचा आहे, आणि मग इंजेक्शन देताना किंवा नंतर घेरी येते. साखरेच्या माणसाने तर उपाशी जाऊच नये. नेहमीचं जेवण आणि नेहमीची गोळी, दोन्ही वेळेवर.

कुठलीही रोजची गोळी मनाने बंद करू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असते, कुणीतरी सांगतं की दात काढायचाय तर चार दिवस थांबव, आणि माणूस थांबवतो. यात धोका रक्तस्रावाहून मोठा आहे, कारण गोळी थांबल्याने हृदयात किंवा मेंदूत रक्ताची गाठ अडकू शकते. दाताच्या जागेचं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. गोळी थांबवायची की नाही हे दातांच्या डॉक्टरांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

दुखऱ्या दाढेपाशी हिरडीवर दुखण्याची गोळी दाबून ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. अॅस्पिरिनने तिथली कातडी पोळते, पांढरी पडते, आणि डॉक्टरांना मूळ दुखण्यासोबत भाजलेली हिरडीही बघावी लागते. लवंगतेल लावायचंच झालं तर कापसाला एखादा थेंब, तोही दाताच्या खड्ड्यात, हिरडीवर नाही. मेडिकल स्टोअरमधून मागून घेतलेल्या अँटिबायोटिकने सूज तात्पुरती उतरते, पण किडलेली दाढ किडलेलीच राहते. घेतलं असेल तर नाव आणि किती दिवस घेतलं ते सांगा.

ब्रश करून जा, पण हिरड्या रक्ताळेपर्यंत घासू नका. आणि त्या दिवशी तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), सुपारी, पान काही नको.

६. डॉक्टरांना काय सांगायचं

माझ्या मते सगळ्या भेटीत हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि लोक नेमकी हीच गुंडाळतात. "दाताला आलोय, साखरेचं कशाला विचारता?" असं म्हणतात. विचारतात कारण साखर वाढलेली असेल तर जखम लवकर भरत नाही आणि हिरड्या भराभर खराब होतात. बीपी फार चढलेलं असेल तर त्या दिवशी दात काढतच नाहीत.

न विचारताही हे सांगा:

- बीपी, साखर, दमा, फिट, थायरॉइड, कावीळ होऊन गेली असेल तर ती.
- हृदयाची झडप बदललेली असेल, तर दात काढण्यासारख्या कामांच्या आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.
- रक्त पातळ करायच्या गोळ्या.
- हाडं ठिसूळ झाली म्हणून चालू असलेल्या गोळ्या किंवा वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन. हे जवळपास कुणीच सांगत नाही. त्यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून डॉक्टरांना आधी कळायलाच हवं.
- गर्भारपण किंवा त्याची शक्यता. उपचार करता येतो, चौथा ते सहावा महिना त्याला सोयीचा, पण औषधं आणि एक्स-रे ठरवताना माहिती हवी.
- कुठल्या औषधाने अंगावर पुरळ, सूज, धाप असं काही झालं असेल तर त्याचं नाव.
- पूर्वी सुई घेताना चक्कर आली असेल तर ती.

आणि खर्रा. आपल्या भागात हा विषय टाळून चालत नाही. माझ्या सासऱ्यांना घेऊन गेले तेव्हा डॉक्टर मॅडमनी विचारलं, "आजोबा, खर्रा खाता का?" बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "नाही जी." मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी बाबांना तोंड उघडायला सांगितलं आणि तीन बोटं उभी धरून दातांमधून आत जातात का ते करून बघायला लावलं. दोनच गेली. गालाच्या आतून बोट फिरवून म्हणाल्या, "इथली कातडी ताठ झालीय, पट्टे हाताला लागताहेत. हे आपोआप होत नाही. दिवसाला किती पुड्या?" मग बाबा म्हणाले, "दोन-तीन होतात जी." मॅडम रागावल्या नाहीत. गालातला एक पांढरट चट्टा दाखवून म्हणाल्या, "याचा छोटा तुकडा तपासायला पाठवू." रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला नाही, पण तोंड उघडण्याचे व्यायाम, औषधं आणि ठरावीक महिन्यांनी तपासणी कायमची मागे लागली.

ही गोष्ट लिहायला बाबांनीच सांगितली, कारण त्यांचे दोन मित्र अजूनही डॉक्टरांना "नाही जी" म्हणतात. खर्ऱ्यातला तंबाखू सगळ्यांना ठाऊक असतो, पण गाल ताठ करण्याचं मुख्य काम सुपारी करते. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलंय. घरात सुपारीची सवय असलेलं कुणीही असेल, पोरगं असो की आजी, तीन बोटांची ही तपासणी आजच करून बघा. स्वतःचीच बोटं वापरायची, दुसऱ्याची नाही.

७. खुर्चीत बसल्यावर

खुर्ची मागे झुकते, वरचा दिवा तोंडावर येतो. हातात छोटा आरसा आणि टोकदार सळई असते. ती टोचायला नसते, दातावर फिरवून मऊ जागा, खड्डा शोधायला असते. दाढेवर हलकं ठोकून बघतात. दुखलं तर हात वर करून सांगा, सहन करण्यात काही अर्थ नाही. तुमच्या दुखण्यावरूनच त्यांना कळतं की नेमका दात कुठला, कारण खालच्या दाढेची कळ कधीकधी वरच्या दाढेत किंवा कानात जाणवते.

हिरड्या तपासताना खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत अलगद घालतात आणि आकडे बोलतात. शेजारी बसलेली मुलगी ते लिहून घेत असते: दोन, तीन, तीन, पाच, तीन. हे मिलिमीटर आहेत. तीनपर्यंत ठीक. चार-पाचच्या पुढे गेलं म्हणजे हिरडी दातापासून सुटतेय. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा आकड्यांचा जप कसला ते कळत नाही, पण कान देऊन ऐका. तुमचे मोठे आकडे कुठे आले ते नंतर विचारता येतं.

दातांनाही आकडे असतात. तुमच्या स्वतःच्या बाजूने बघायचं: वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. पुढचा आकडा मधल्या दातापासून मागे मोजायचा. म्हणजे ४६ ही खालच्या उजव्या बाजूची सहावी, पहिली मोठी दाढ. ३८ म्हणजे खालची डावी अक्कलदाढ. चिठ्ठीवरचा आकडा आणि तुमची दुखणारी दाढ जुळते का हे स्वतः पडताळा, विशेषतः दात काढायचा असेल तेव्हा.

एक्स-रे दोन प्रकारचे. एका-दोन दातांचा छोटा एक्स-रे काढताना लहान फिल्म किंवा सेन्सर तोंडात धरावा लागतो. उमासा आला तर नाकाने लांब श्वास घ्या, काही सेकंदांचंच काम असतं. सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे उभं राहून काढतात, मशीन डोक्याभोवती फिरतं. कानातलं, गळ्यातलं, चष्मा, केसांच्या पिना आधी काढून ठेवाव्या लागतात. छोट्या दवाखान्यात हे मशीन सहसा नसतं, बाहेरच्या केंद्रात पाठवतात. तो एक्स-रे तुमचाच असतो, मागून घ्या.

८. डॉक्टर उपाय सांगतात तेव्हा

आता थोडी शब्दांची ओळख. कीड वरवर असेल तर खरवडून भरतात, त्याला लोक चांदी भरणं किंवा सिमेंट भरणं म्हणतात. हल्ली दाताच्या रंगाचंही भरतात. कीड नसेपर्यंत गेली असेल तर रूट कॅनाल: खराब नस काढून मुळं आतून साफ करून बंद करायची. बहुधा एकापेक्षा जास्त वेळा जावं लागतं.

इथे एक मोठी चूक होते. रूट कॅनालनंतर दुखणं थांबतं आणि लोक कॅप बसवायला जातच नाहीत. नस काढलेल्या दाढेत आधीच कीड आणि कोरण्यामुळे भिंती पातळ उरलेल्या असतात. सुपारी, चणे, हाड असं काही चावताना ती उभी चिरते, आणि मग ती काढण्याशिवाय मार्ग राहत नाही. खर्चाचा अंदाज घ्याल तेव्हा रूट कॅनाल आणि कॅप दोन्ही मिळूनच विचारा.

"सफाईने दात हलतात" हे तर प्रत्येक घरात ऐकू येतं. दातांवरचं किटण दगडासारखं घट्ट असतं आणि ते हिरडी खाली ढकलत जातं, हाड झिजवतं. किटण निघालं की आधीच झालेली झीज उघडी पडते. फटी दिसतात, काही दिवस थंड झोंबतं, जीभ सारखी तिकडे जाते. दात सफाईने हलत नाहीत, सफाई न केल्याने हलतात. माझ्या आईचे खालचे पुढचे दात याच समजुतीपायी गेले, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितेय.

होकार देण्याआधी विचारा:

- हे आज नाही केलं, महिन्याने केलं तर काय होईल?
- दात वाचवायचा दुसरा काही उपाय आहे का? दात काढला तर त्या जागी पुढे काय बसवायचं?
- किती वेळा यावं लागेल, एकूण खर्च किती, हप्त्याने चालेल का?
- सगळ्यांत आधी कुठलं काम करायचं?

उत्तरं कागदावर लिहून मागा. चांगले डॉक्टर याला कधी नाही म्हणत नाहीत. दहा-बारा दातांची यादी एकदम हातात पडली, किंवा दात पांढरे करण्याचं पॅकेज सोबत जोडून मिळालं, तर एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला हरकत नाही. ठणका किंवा सूज नसेल तर आठवडाभराने काही बिघडत नाही. आणि आरोग्य विमा असला तरी तो दातांच्या नेहमीच्या उपचाराला बहुतेक लागू होत नाही, आधी पॉलिसी वाचून घ्या.

उलट बाजूही आहे. डॉक्टर दाढ वाचेल म्हणत असतील आणि तुम्हीच "काढून टाका, कटकट नको" म्हणत असाल, तर थांबा. एक दाढ गेली की शेजारच्या दाढा त्या जागेत कलतात, समोरची दाढ खाली किंवा वर सरकते, आणि चावणं एका बाजूला येतं.

९. त्याच दिवशी काही केलं तर

बधिर करायच्या इंजेक्शनची भीती सगळ्यांनाच असते. आधी जेल लावतात, मग एक टोच बसते आणि क्षणभर चरचर. सुन्नपणा दोन-चार तास राहतो. ओठ मोठा झाल्यासारखा वाटतो, झालेला नसतो. तोवर गरम चहा नको आणि गाल-ओठ चावले जाणार नाहीत याकडे लक्ष. लहान मुलं गंमत म्हणून ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी तो सुजलेला दिसतो.

दात काढला असेल तर कापूस पाऊण तास घट्ट दाबून ठेवायचा. त्या दिवशी थुंकायचं नाही, चुळा भरायच्या नाहीत, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. खड्ड्यात जमलेलं रक्त हीच जखमेवरची पट्टी असते, थुंकल्याने ती निघते. थंड ताक-भात, मऊ खिचडी चालते. तर्री आणि सावजी काही दिवस बाजूला ठेवा. बिडी, सिगारेट, खर्रा जखम भरेपर्यंत नाहीच. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा. थुंकी गुलाबी येणं चालतं, तोंड रक्ताने भरत असेल तर लगेच फोन करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळ कमी होण्याऐवजी वाढली आणि वास येऊ लागला, तर खड्डा कोरडा पडलेला असतो. गोळ्या वाढवत बसू नका, परत जा.

१०. मुलांना आणि म्हाताऱ्यांना नेताना

मुलाला पहिला दात आला की पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दाखवून आणावं. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे नवी दाढ येते. दुधाची दाढ पडलेली नसतानाच ती येते, म्हणून आईबाप तिलाही दुधाची समजतात आणि किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती पक्की दाढ आहे, आयुष्यभराची.

घरी "ऐकलं नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" असं कधीही म्हणू नका. "अजिबात दुखणार नाही" असंही वचन देऊ नका. डॉक्टर दात मोजणार आहेत, एवढंच सांगा. पहिल्या भेटीत खरंच बहुधा तेवढंच होतं.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपण तिकडे गेलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात. ते घासून जात नाहीत, आणि ती कीडही नव्हे. गावाचं नाव सांगितलं की डॉक्टरांना लगेच उलगडतं.

म्हाताऱ्या माणसांच्या वेळी प्रश्न डॉक्टरांनी त्यांनाच विचारावेत असं सांगा, उत्तरं आपण देऊ नयेत. फक्त गोळ्यांची पिशवी पुढे करा. कवळीवाल्यांनाही वर्षातून एकदा दाखवायला हवं, कारण हिरडी झिजून कवळी सैल होते, घासते आणि खाली जखम होते. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची असते, हे आईला कवळी मिळाली त्या दिवशी गडबडीत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारून घ्या.

११. बाहेर पडण्याआधी

काउंटरवर पुढची तारीख लिहून घ्या. केसपेपर, चिठ्ठी आणि एक्स-रे यांचा तिथेच उजेडात फोटो काढून ठेवा. सरकारी ठिकाणी केसपेपर हरवला की पुन्हा खिडकीपासून सुरुवात होते. गोळ्या जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे फार्मसीत न विचारता डॉक्टरांनाच विचारा. घरात प्रत्येकाच्या नावाची एक पातळ फाइल करा आणि त्यात आजची तारीख टाका. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला जायचंय, ती तारीखही आत्ताच मोबाइलमध्ये लावून ठेवा.